सावलीतला आकडा

चांद्याच्या उन्हाची फुशारकी मारणाऱ्या माणसाजवळ मी फार वेळ बसू शकत नाही. लग्नात, मयतीत, एसटीत, कुठेही असा एक जण भेटतोच. "आमच्याकडचं ऊन तुम्ही पाह्यलंच नाई," असं म्हणून तो पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडे असा बघतो, जणू सूर्य त्याच्या घरच्या गोठ्यात बांधलेला आहे. मग आकडा येतो. आकडा सांगताना त्याचा चेहरा खुलतो. मला त्या खुललेल्या चेहऱ्याची किळस येते आणि आता मी ती लपवत नाही. वय झाल्यावर एवढी एक सवलत मिळते. ऊन पडतं ते पडतं. त्यात तुझं कर्तृत्व काय, बाबा?

ही किळस कुठून आली ते सांगते. पन्नास सालानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला बराच अवकाश होता, आणि नागपूर आमच्या प्रांताची राजधानी होती. मी आरमोरीकडची, भाताच्या बांध्यांतून हिंडत वाढलेली. लग्न होऊन गावाच्या जुन्या परकोटाच्या आतल्या एका घरात थोरली सून म्हणून आले. घरात सासरे, सासूबाई, माझा नवरा, आमचा लहानगा मुलगा आणि धाकटी जाऊ. धाकटे दीर आलापल्लीकडे लाकडाच्या डेपोवर नोकरीला होते, सणावाराला यायचे. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई.

मामाजी एका कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांना दारूचा नाद नव्हता, पत्त्यांचा नव्हता. नाद होता तो उन्हाचा. त्यांनी नागपूरहून एक थर्मामीटर आणवला होता, लाकडी पट्टीवर पाऱ्याची नळी बसवलेला. पडवीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, जिथे वर्षाचे बारा महिने ऊन पडत नाही, तिथे तो खिळ्याला टांगलेला असे. ऊन उन्हात मोजत नाहीत, सावलीत मोजतात, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत. दूधवाल्याला सांगत, हजामाला सांगत. सावलीतला आकडा तोच खरा, बाकी सगळं वेडेपण. त्या पट्टीवरची धूळ पुसायचीसुद्धा आम्हाला परवानगी नव्हती.

गावात सरकारी यंत्रही होतं, फटीफटींच्या एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेलं. तिथला आकडा तारेने नागपूरला जाई आणि मग वर्तमानपत्रात छापून येई. तिथल्या शिपायाशी मामाजींनी दोस्ती केली होती. रोज संध्याकाळी घरी जाताना तो आमच्या ओट्याशी थांबे आणि त्या दिवशीचा आकडा सांगे. त्यासाठी ओट्यावर चांगली मैफल जमायची. एक निवृत्त मास्तर, एक लाकडाचे व्यापारी, आणि शेजारचे शिलाईकाम करणारे चाचा, ज्यांची मशीन दुपारभर आमच्या भिंतीपलीकडे खडखडत असे. सगळे टरबुजाच्या फोडी खात बसत आणि बिया गल्लीत थुंकत. चांद्याचा आकडा नागपूरच्या वर गेला की त्यांच्या अंगात वारं शिरे. राजधानी असेल नागपूर, पण उन्हात कोण पुढे, असं मास्तर विचारत आणि सगळे हसत. मी आतून पाण्याचे गडू पोहोचवत असे. तेव्हा मला ते नुसतंच बावळट वाटायचं, किळस अजून यायची होती.

त्या वर्षी ऊन फार लवकर आलं. होळीची राख अजून चौकात पडलेली होती, पाडवा पुढेच होता, पळसाची फुलंही पुरती गळली नव्हती, आणि एका सकाळी अंगणात पाय ठेवला तर फरशी भाजली. दोन-चार दिवसांत उतरेल म्हणून सगळे थांबले. उतरलं नाही. उन्हाळा म्हटला की लोकांना पन्हं आठवतं, वाळ्याचा वास आठवतो, गच्चीवरच्या चांदण्या आठवतात. मला नालीचा वास आठवतो. गल्लीतली नाली आटून तिचा काळा चिखल झाला होता आणि त्यावर माशांचा थर. दूध सकाळी तापवलं तर दुपारी नासायचं. चिंचेच्या झाडावर वटवाघळं लटकलेली असत, ती दुपारच्या वेळी पिकल्या फळासारखी खाली पडायला लागली आणि पडल्या जागी फुगली. ओट्यावरच्या मंडळींना त्याचाही आनंद. किती वटवाघळं पडली यावरून ते शिपाई यायच्या आधीच आकड्याचा अंदाज बांधायचे.

एरवी पाडव्यानंतर लावायची ती वाळ्याची ताटी मामाजींनी त्या वर्षी होळीनंतर लगेच बैठकीच्या दाराला लावून घेतली. ताटी सुकू द्यायची नसते. विहिरीचं पाणी शेंदायचं, बादल्या भरून ठेवायच्या आणि दिवसभर ताटीवर शिंपडत राहायचं, हे काम माझ्याकडे आलं. आत बैठकीत मामाजी गारव्याला झोपत. माझ्या हाताला दोराने फोड आले होते, पण ते राहू दे. सुनेच्या हाताला फोड येणं ही त्या काळी सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

धाकटी कुरखेड्याच्या बाजूची, जंगलाला लागून असलेल्या गावातली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. बोलायला फटकळ, कामाला चपळ, आणि हसायला लागली की डोक्यावरचा पदर कुठे गेला याचं भान नसायचं. तिचं पहिलंच बाळंतपण. पहिलं माहेरी करायची रीत आहे, पण तिचे दिवस भरत आले ते नेमके मोहाच्या हंगामात. तिकडे मोहफुलं गळायला लागली की घरात कुणी राहत नाही. उजाडायच्या आत म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळं घर टोपल्या घेऊन झाडांखाली असतं, कारण वर्षाचं तेल-मीठ त्यावर चालतं. घरात बाळंतीण ठेवून तिच्याकडे बघणार कोण? म्हणून तिच्या आईने बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर आत्याबाईंना निरोप धाडला. पोरीचं तिकडेच करा, मोह सरला की मी येते. धाकटी त्या दिवशी जेवली नाही. मी तिला म्हटलं, मी आहे ना. असं आपण म्हणतो.

ती बाळंत झाली तेव्हा ऊन ऐन भरात होतं. मुलगी झाली, सुखरूप झाली. सुईणीने नाळ कापली, आंघोळी घातल्या, आणि मग आत्याबाईंनी बाळंतिणीची खोली बंद केली.

बंद केली म्हणजे काय ते आजच्या पोरींना सांगावं लागेल. घराच्या मागच्या अंगाला एक लहान खोली, तिला एकच हातभर खिडकी. त्या खिडकीत चिंध्या कोंबल्या, कारण बाळंतिणीला वारा लागतो. दाराला गोधडी लावली. तिच्या कानांवरून घट्ट फडकं बांधलं. आणि बाजेखाली शेगडी ठेवली, लाकडी कोळशाच्या निखाऱ्यांची, वर ओवा-शेपा टाकून धुरी केलेली. बाळंतिणीचं अंग ओलं असतं, ते शेकून सुकवायचं, नाहीतर जन्माचं दुखणं मागे लागतं. पाणी प्यायलं तर पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होते, म्हणून पाणी उकळून, कोमट करून, दिवसातून काही वाट्याच द्यायचं. हे सगळ्या घरांत असंच होतं. आमच्याकडे होतं, चाचांच्या घरात होतं, माझ्या माहेरी होतं. माझ्याही बाजेखाली शेगडी होती.

पण माझं बाळंतपण पौषात झालं. आणि आत्याबाईंची सगळी बाळंतपणं, योगायोग म्हणा, थंडीतच झाली होती. शेगडीची ऊब त्यांना आठवत होती ती थंडीतली. त्यांच्या लेखी बाळंतीण म्हणजे शेगडी, तिथे महिना कोणता हे विचारायचं कारणच नव्हतं. शिवाय त्यांच्या दृष्टीने उन्हाळा अजून लागलाच नव्हता. पाडवा झाला नाही, नवा माठ भरला नाही, मग कसला उन्हाळा? पडवीतल्या त्या पाऱ्याला त्या मामाजींचं खेळणं म्हणायच्या.

मी सकाळी मुलीला तेल लावायला त्या खोलीत गेले की बाहेर येईपर्यंत माझं लुगडं अंगाला चिकटलेलं असे. आत दूध, धूर, घाम आणि निखारे यांचा जो वास होता तो मी इतक्या वर्षांत विसरू शकलेले नाही. धाकटी पडल्या पडल्या माझा हात धरायची.

"बाई, घोटभर पानी दे ना वं," ती म्हणायची. "कोनाले नाई सांगत मी."

मी देत असे. ताटीसाठी भरलेल्या बादलीत गडू बुडवायचा, पदराखाली धरायचा आणि मुलीचे लंगोट न्यायच्या निमित्ताने आत जायचं. विचार करा, एका घरात एका दाराच्या गवताला दिवसभर बादल्या-बादल्या पाणी, आणि मागच्या खोलीत एका जितीजागत्या बाईला चोरून गडूभर. शेगडीही मी दुपारी बाजेखालून ओढून भिंतीशी सरकवायची आणि निखाऱ्यांवर राख पसरायची. आत्याबाई आल्या की पुन्हा पुढे सरकवायची.

हे फार दिवस चाललं नाही. एका दुपारी धाकटीच्या उशाजवळची जमीन ओली दिसली आणि आत्याबाईंच्या लक्षात आलं.

"पानी कोन देल्लं इले?" त्यांनी विचारलं.

"मी दिलं," मी म्हटलं.

"काऊन? मारतं का तिले?"

"आत्याबाई, बाहेर जीव जाऊन राह्यला आमचा. ती तर बंद खोलीत आहे, खाली विस्तव आहे. थोडे दिवस शेगडी नको ना."

"मी पाच बाळंतपनं याच खोलीत काहाडली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मले शेक होता म्हनूनच मी आज चालून-फिरून राह्यली. त्या पोरीची माय इथी नाई. तिच्या कंबरेले उद्या कळ लागली त मी काय तोंड दाखवू तिच्या मायले?"

त्यानंतर आत्याबाई दुपारची झोपसुद्धा त्या दाराशी घ्यायला लागल्या. मला आत जायची मनाई झाली. मुलीला तेल लावायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आईला यातलं जास्त कळतं. तो वाईट नव्हता, पण बाळंतिणीच्या खोलीचा विषय निघाला की त्याची मान खाली जायची, आणि खाली मान घालून त्याला जेवढं दिसायचं तेवढंच त्याचं जग.

मग मला एक युक्ती सुचली. तिचं मला अजूनही हसू येतं, आणि ते हसू चांगलं नाही. या घरात ऊन मोजणारा माणूस आहे, मोजल्याशिवाय त्याला काही पटत नाही, मग मोजूनच दाखवू. आत्याबाई सकाळी महाकालीच्या देवळात गेल्या तेव्हा मी पडवीतल्या खिळ्यावरून थर्मामीटर काढला आणि धाकटीच्या खोलीत नेऊन खुंटीला टांगला. धाकटी डोळे मिटून पडली होती. मुलगी कुरकुरत होती. मी उभी राहून पाहत होते तोवर पारा वर वर सरकत गेला, मामाजींनी कधी पाहिला नसेल इतक्या वर.

मी पट्टी घेऊन तशीच बैठकीत गेले. ताटीमागे गारवा होता. मामाजी पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते.

"मामाजी, हे पाहा," मी म्हटलं. "धाकटीच्या खोलीतलं आहे. आत्ताच मोजलं."

त्यांनी चष्मा लावला. आकडा पाहून क्षणभर त्यांचा चेहरा खरंच बदलला, आणि मला वाटलं, झालं, समजलं यांना. मग त्यांनी विचारलं, "तिथी शेगडी हाये न?"

"आहे ना. तेच तर सांगतेय."

"मग हे धरत नाई," ते म्हणाले. "विस्तवाजवळचा आकडा नाई धरत, सूनबाई. सावलीतला धरते. आन तुमी हा विटाळाच्या खोलीत नेलाच कसा?"

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला नाही. मला अंगणात न्यायला लावला, गोमूत्र शिंपडायला लावलं, मग पाण्याने धुवायला लावला, आणि धुतल्यामुळे आत पाणी गेलं असेल का, आता आकडा चुकेल का, या काळजीत ते दुपारपर्यंत त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. पारा हळूहळू आपल्या जागी आला तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला. मला त्या सुस्काऱ्याची शिसारी आली. हाच तो क्षण. त्याआधी मला मामाजी आवडायचे, हे सांगायला हवं. माझ्या हातची भाजी त्यांना आवडे, आणि ते तसं बोलून दाखवत. दुष्ट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकटीचं अंग तापलं. आत्याबाई म्हणाल्या, दूध उतरलंय, त्याचा ताप. संध्याकाळी ती बडबडायला लागली. कुणाशी तरी मोहाच्या झाडाखाली बोलत होती, टोपली दे म्हणत होती. मी आत्याबाईंना न जुमानता खोलीत शिरले. तिच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. ओठांवर पापुद्रे आलेले. अंगाला हात लावला आणि मागे घेतला. आत्याबाई घाबरल्या होत्या, आता मलाही ते दिसत होतं, पण घाबरल्यावर माणूस आपल्याला ठाऊक असेल तेच जास्त करतो. वात झालाय म्हणून त्यांनी निखाऱ्यांवर आणखी ओवा टाकला.

मी ओट्यावर गेले. चार पुरुषांसमोर सून अशी ओट्यावर जात नसे. मंडळी त्या दिवशी जास्तच रंगात होती, कारण दुपारी पडवीतला पारा आजवर कधी चढला नव्हता इतका चढला होता आणि सरकारी आकडाही तसाच असेल तर इतक्या लवकर, पाडव्याच्या आधी, हा चांद्याचा नवा विक्रम ठरणार होता. शिपायाची वाट पाहत सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसले होते.

"मामाजी, डॉक्टरला बोलवा," मी म्हटलं. "धाकटी शुद्धीवर नाही."

चाचा लगेच उठले. मामाजीही उठले, पण उठताना त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. शिपाई वळणावर दिसत होता. "आलोच," ते म्हणाले. आणि थांबले. फार नाही थांबले. तो येऊन आकडा सांगेपर्यंत. मी उंबऱ्यात उभी होते म्हणून मला तो आकडा ऐकू आला. तो मी इथे लिहिणार नाही. ज्यांना तो हवा असतो त्यांना तो पाठ असतो.

डॉक्टरला चाचाच सायकलवर जाऊन घेऊन आले. डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते शेगडी लाथेने बाहेर ढकलायचं आणि खिडकीतल्या चिंध्या उपसायचं. मग ओल्या चादरी, पाणी, सुई. मी ताटीच्या बादल्या उचलून आत आणल्या आणि तिच्या अंगावर ओतल्या. आत्याबाई कोपऱ्यात उभ्या राहून रडत होत्या, तिले वारा लागन, वारा लागन, असं पुटपुटत होत्या. उजाडता उजाडता थोडं अंग निवल्यासारखं वाटलं. दुपारी ती गेली. मुलगी माझ्या मांडीवर होती.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. धाकटे दीर आलापल्लीहून आले आणि दिवस करून परत गेले. बाळंतपणात बाया जायच्या तो काळ. रडणं होतं, पण आश्चर्य नव्हतं. मामाजी बैठकीत बसून येणाऱ्यांना सांगत, "ऊन लागलं पोरीले." आणि मग, आवाज आणखी खाली आणून, आकडा सांगत. समोरचा माणूस डोळे मोठे करी, मान हलवी. कुणी म्हणे, असं ऊन आमच्या बापजाद्यांनी पाहिलं नाही. कुणी म्हणे, पेपरातही आलंय. मी आतून पाणी पोहोचवत होते आणि ऐकत होते. पाहता पाहता माझी जाऊ त्या आकड्याचा पुरावा झाली. वटवाघळांसारखी. मामाजींच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, दुःख खरं होतं, आणि त्या दुःखाच्या पोटात कुठेतरी तो चेहरा खुलत होता. मागे न्हाणीत जाऊन मी उलटी केली.

सगळ्यांत वाईट हे की कुणी खोटं बोलत नव्हतं. ऊन होतंच. आकडा खराच होता. पण धाकटी ज्या खोलीत मेली तिथे ऊन पडत नव्हतं, तिथे आम्ही पेटवलेला विस्तव होता, आणि तो शब्द कुणाच्या तोंडून निघत नव्हता. मी ठरवलं, तिची आई येईल तेव्हा मी बोलणार. घरातून काढलं तरी चालेल. या बाईने पोरगी आमच्या भरवशावर ठेवली होती, तिला खरं कळायला हवं. आत्याबाईंची मान खाली गेलेली मला पाहायची होती. मामाजींचा आकडा त्यांच्या घशात अडकलेला पाहायचा होता.

निरोप जंगलातून पोहोचायला वेळ लागला, म्हणून ती आली ते दिवस झाल्यानंतर. भरदुपारी सर्व्हिस मोटारीतून उतरून स्टँडपासून पायी आली. सुकलेली, काळीसावळी बाई, धाकटीचंच नाक. लुगड्याला मोहाचा तो आंबूस-गोड वास. काखेत बोचकं होतं, त्यात नातीसाठी शिवलेली झबली. ती बैठकीत आली नाही, पडवीतच भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्यापुढे पाण्याचा गडू ठेवला. आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. मामाजी खुर्चीवर बसले.

तिने रडणं वाटेतच संपवलं असावं. तिने फक्त विचारलं, "कशानं गेली जी पोरगी?"

"इहीनबाई, ऊन लागलं," मामाजी म्हणाले. "त्या दिवशीचं ऊन म्हंजे..." आणि त्यांनी तिला आकडा सांगितला.

"ते म्हंजे किती?" तिने विचारलं.

मामाजी समजावून सांगायला लागले. पारा, सावली, नागपूरचा आकडा, चांद्याचा आकडा. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला राहवलं नाही.

"मावशी, उन्हानं नाही गेली," मी म्हटलं. "खिडकी बंद होती. बाजेखाली दिवसरात्र शेगडी होती. पाणी मागत होती, ते कुणी देऊ देत नव्हतं. मी विस्तव बाजूला करायची तर पुन्हा ठेवत होते."

मामाजींची मान खाली गेली. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्या बाईकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला हवी होती ती शरम नव्हती. त्यांना त्या बाईची दया येत होती.

"शेक मीच सांगून धाडला होता," धाकटीची आई म्हणाली. हळू, जणू स्वतःला सांगत असावी तसं. "मानसाजवळ निरोप देल्ला होता मी. म्हनलं, माह्या पोरीले पानी बेताचं देजा. शेकाले कमी नका करू. तिची माय जवळ नाई म्हनून हयगय नका होऊ देऊ."

मग तिने हात पुढे केले आणि मुलगी मागितली. मी दिली. नात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. समोरचा गडू तसाच भरलेला होता, आणि इतक्या उन्हातून चालत आलेल्या त्या बाईला पाणी पी म्हणायला आमच्यापैकी कुणाचीच जीभ रेटली नाही.